इंग्रजी अडते ते नेमके कुठे?

'सिन्स' कधी आणि 'फॉर' कधी? 'द' कुठे लावायचा आणि कुठे गाळायचा? 'आय शॅल' म्हणावे की 'आय विल'? 'हॅड हॅड' असे लागोपाठ दोनदा आले तर ती छापण्यातली चूक समजायची का? शाळकरी मुले हे विचारतात, स्पर्धा परीक्षांना बसणारे विचारतात, इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा अभ्यास घेणारे आईवडील विचारतात आणि कागदपत्रांचा अनुवाद करून पोट भरणारेही विचारतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले. प्रश्नांची यादी मात्र फारशी बदललेली नाही.

ती बदलत नाही याचे कारण मला उत्तरांमध्ये दिसते. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा नियम मिळतो. तो नियम इंग्रजीपुरता बरोबर असतो, पण मराठी माणूस नेमका त्याच ठिकाणी का अडखळला, हे त्यातून कळत नाही. यातले बरेचसे प्रश्न जिथे दोन भाषांनी एकच अर्थ वेगवेगळ्या जागी तोडला आहे तिथे उगवतात. ती जागा दाखवायची तर मराठीकडेच बघावे लागते. इंग्रजी शिकवताना मराठी वर्गाबाहेर ठेवायची, हा आग्रह म्हणूनच मला घातक वाटतो.

'पर्यंत' हा शब्द घ्या. 'पाचपर्यंत ये' आणि 'पाचपर्यंत थांब' या दोन वाक्यांत मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीला पुरत नाही. पहिल्या वाक्यात पाच वाजायच्या आत केव्हातरी एकदा घडणारी गोष्ट आहे, तिथे 'बाय फाइव्ह' लागते. दुसऱ्या वाक्यात पाच वाजेपर्यंत चालू राहणारी अवस्था आहे, तिथे 'टिल' किंवा 'अनटिल' लागते. 'कम टिल फाइव्ह' ही चूक इतकी सर्रास होते, कारण मराठीत हा फरक क्रियापदातच दिसतो आणि अव्ययाने तो पुन्हा सांगायची गरज पडत नाही. 'अर्ज ३१ मार्चपर्यंत पाठवा' यात 'बाय' आहे, 'अर्ज ३१ मार्चपर्यंत स्वीकारले जातील' यात 'अनटिल'. विद्यार्थ्याला एवढेच विचारायला शिकवावे की काम एकदा व्हायचे आहे की चालू राहायचे आहे. मग दोन शब्दांच्या व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत.

'पासून'चेही तसेच. 'सोमवारपासून ताप आहे' आणि 'पाच दिवसांपासून ताप आहे' ही दोन्ही वाक्ये मराठीत सारखीच सरळ. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू सांगायचा तर 'सिन्स मंडे' आणि लांबी सांगायची तर 'फॉर फाइव्ह डेज'. त्यात आणखी एक अडचण मिसळते. मराठीत अजून चालू असलेल्या गोष्टीला वर्तमानकाळ पुरतो: 'मी दहा वर्षांपासून इथे राहतोय.' इंग्रजीला तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' हवे, कारण दहा वर्षांपूर्वीची सुरुवात आणि आजचा दिवस ही दोन्ही टोके क्रियापदात धरावी लागतात. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' या एका वाक्यात दोन वेगळ्या चुका आहेत. त्या सुट्या करून दाखवल्या नाहीत, तर मूल एक सुधारते आणि दुसरी तशीच राहते.

सगळ्यांत जास्त छळणारा प्रश्न 'अ', 'ॲन' आणि 'द'चा. मराठीत ही उपपदे नाहीत, म्हणून मराठी माणसाला ती कळणे कठीण, असे सांगून विषय मिटवला जातो. मला हे पटत नाही. उपपदे नसली तरी त्यांच्यामागची कल्पना मराठीत रोज वापरात आहे. 'मी डॉक्टर शोधतोय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतोय' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही माहीत असलेले एक डॉक्टर आहेत. पहिले 'अ डॉक्टर', दुसरे 'द डॉक्टर'. 'मुलगी बघायला गेले' आणि 'मुलीला बघायला गेले' यांतला फरक तर लहान मुलालाही कळतो. पहिल्यात लग्न जुळवायला निघालेले लोक आहेत, दुसऱ्यात कुणाची तरी ठरावीक मुलगी आहे. इंग्रजी 'द'ने जे करते ते इथे 'ला' या प्रत्ययाने केले.

जिथे प्रत्यय लागत नाही तिथे शब्दांचा क्रम हे काम करतो. 'अंगणात मांजर आलंय' म्हटले की कुठले तरी मांजर, 'मांजर अंगणात आलंय' म्हटले की आपले, ओळखीचे. ऐकणाऱ्याला जे आधीपासून ठाऊक आहे ते वाक्यात आधी येते. हे एकदा लक्षात आणून दिले की 'अ' आणि 'द'चा मोठा भाग आपोआप उलगडतो. उरतात त्या निव्वळ रूढी, आणि त्या रूढी म्हणूनच शिकवाव्यात: नदीला 'द' लागतो, डोंगररांगेला लागतो, एकट्या शिखराला लागत नाही. म्हणून 'द गोदावरी', 'द हिमालयाज', पण 'एव्हरेस्ट' आणि 'कळसूबाई' 'द'वाचून. 'अ' आणि 'ॲन'चा प्रश्न तर कानाचा आहे. 'ॲन अवर', 'अ युनिव्हर्सिटी', 'ॲन एमए', 'अ बीए' हे मोठ्याने म्हणून पाहिले की अक्षराकडे बघण्याची गरजच उरत नाही.

काळांच्या बाबतीत मात्र मराठी मदत करते तशी फसवतेही. 'ते कालच मुंबईहून आले आहेत' हे सहज मराठी वाक्य. 'दे हॅव कम फ्रॉम मुंबई यस्टरडे' हे इंग्रजीत बसत नाही, कारण 'हॅव'ने घटना आजशी जोडली आणि 'यस्टरडे'ने ती संपलेल्या दिवसात बंद केली. त्याहून जास्त चुका 'होतो' करतो. 'काल मी पुण्याला गेलो होतो' असे आपण म्हणतो, तेव्हा गेलो आणि परत आलो, तो प्रसंग आता मागे पडला, एवढेच सांगायचे असते. त्याचे शब्दशः 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे' होते आणि इंग्रज श्रोता पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो, कारण 'हॅड'ला भूतकाळातली दुसरी एक घटना लागते, जिच्या आधी ही घडली. गेलो आणि आलो एवढेच सांगायचे असेल तर 'वेंट' पुरे. 'हॅड हॅड'चे कोडेही इथेच सुटते. पहिला 'हॅड' काळ दाखवतो, दुसरा 'घेतले', 'खाल्ले', 'होते' अशा मूळ अर्थाचा असतो. पाहुणे यायच्या आधीच आम्ही जेवलो होतो, हे सांगताना दोन्ही लागतात आणि दोन्ही बरोबर असतात.

'मला समजतंय', 'मला आठवतंय', 'मला वाटतंय' ही मराठीची चालू रूपे आहेत. त्यांच्यावरून 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम रिमेंबरिंग' तयार होते. मनाच्या अवस्था सांगणारी ही क्रियापदे इंग्रजी सहसा चालू काळात ठेवत नाही. इथे कारण शोधत बसण्यापेक्षा दहा-बारा क्रियापदांची सवय करून घेणे बरे.

शब्दयोगी अव्ययांवर फार वेळ घालवू नये, असे माझे मत आहे. 'डोक्यावर टोपी', 'डोक्यावर पंखा' आणि 'डोक्यावरून विमान' या तिन्हींत मराठीचा 'वर' आहे आणि इंग्रजीत अनुक्रमे 'ऑन', 'अबव्ह' आणि 'ओव्हर' आहे. टेकले आहे की नाही आणि हलते आहे की नाही, एवढे बघितले की झाले. 'मॅरिड टू', 'अँग्री विथ' यांना मात्र तर्क नाही. लग्न मराठीत कुणा'शी' होते, म्हणून 'मॅरिड विथ' तोंडात येते. क्रियापद आणि त्याचे अव्यय एकत्रच पाठ करावे, सुटे नको.

होकार-नकाराचा प्रश्न कुठल्याही यादीत सापडत नाही, पण त्यातून होणारा गैरसमज गंभीर असू शकतो. 'सकाळपासून काही खाल्लं नाही ना?' असे विचारले तर उपाशी असलेला मराठी रुग्ण 'हो' म्हणतो, म्हणजे तुमचे म्हणणे बरोबर आहे. इंग्रजीत तोच प्रश्न नकारार्थी आला तर उत्तर 'नो' हवे, कारण इंग्रजीतले 'येस' आणि 'नो' प्रश्नाशी सहमती दाखवत नाहीत, घडलेली गोष्ट सांगतात. शस्त्रक्रियेच्या आधी परदेशातल्या डॉक्टरने हे विचारले आणि मराठी सवयीने 'येस' म्हटले, तर रुग्णाने खाल्ले आहे असा अर्थ होतो. परदेशी राहणाऱ्या आईवडिलांना नातेवाईक बरीच इंग्रजी वाक्ये शिकवतात, त्यांत हे एक जरूर असावे.

आता ज्यांत नियम म्हणण्यासारखे काही नाही अशा नियमांकडे वळतो. 'शॅल' आणि 'विल'ची वाटणी, म्हणजे 'आय' आणि 'वी'बरोबर 'शॅल' आणि बाकीच्यांबरोबर 'विल', ही पहिल्यांदा १६५३ साली जॉन वॉलिसने आपल्या इंग्रजी व्याकरणात मांडली. ते पुस्तक त्याने लॅटिनमध्ये लिहिले होते. हा वॉलिस मूळचा गणिती, अनंताचे चिन्ह रूढ करणारा. त्याची ही वाटणी स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेत कधी नीट रुजली नाही आणि आज इंग्लंडमध्येही 'विल' सगळीकडे चालतो. 'शॅल' प्रामुख्याने दोन ठिकाणी टिकला आहे. एक, विचारणा करताना: 'मी दार उघडू का?' याला 'शॅल आय ओपन द डोअर?' इतके चपखल दुसरे काही नाही. आपल्याकडे हे काम 'उघडू', 'जाऊ', 'आणू' ही रूपे करतात, त्यामुळे मराठी माणसाला ते शिकवावेही लागत नाही. दुसरे ठिकाण कायद्याचे. तिथे 'शॅल' म्हणजे बंधन, आणि मराठी कायद्यात त्याच्या जागी 'करील', 'असेल' असे भविष्यकाळाचे रूप येते.

वाक्याच्या शेवटी अव्यय येऊ देऊ नये, हा दंडकही असाच. १६७२ साली ड्रायडनने बेन जॉन्सनच्या वाक्यांवर या मुद्द्याने बोट ठेवले आणि पुढे स्वतःची वाक्येही त्या मापाने बदलली. लॅटिनमध्ये तसे होत नाही, हा या आग्रहामागचा मोठा आधार होता. इंग्रज लोक आधीही तसे बोलत आणि लिहीत होते, आजही बोलतात. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये हा आग्रह १९व्या शतकातला. हेन्री अल्फर्डने १८६४ साली त्याला बळ दिले. परीक्षेत या दोन गोष्टींवर गुण कापणे मला अन्यायाचे वाटते.

एका अनोळखी व्यक्तीसाठी 'दे' वापरणे ही अलीकडची फॅशन आहे, असा समजही चुकीचा आहे. १४व्या शतकापासून इंग्रजीत तो वापर आढळतो, शेक्सपिअर आणि जेन ऑस्टिन यांच्याकडेही. मराठी वाचकाला तो अवघड वाटण्याचे कारण नाही. स्त्री की पुरुष हे माहीत नसेल तेव्हा आपणही व्याकरणातून वाट काढतोच: 'कुणीतरी आलंय', 'कुणीतरी छत्री विसरून गेलंय'. मराठीने नपुंसकलिंग घेतले, इंग्रजीने अनेकवचन.

हे सगळे दंडक आपल्यापर्यंत शालेय व्याकरणांतून आले. १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक आले आणि आजही ते दुकानात मिळते. पी. सी. रेन हा मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरी केलेला माणूस, १९२४ साली निघालेल्या 'बो जेस्ट' या लोकप्रिय कादंबरीचा लेखक. त्यांच्या पुस्तकाची शिस्त आणि सरावासाठी दिलेली असंख्य वाक्ये यांचे ऋण मी मान्य करतो. पण वाचणाऱ्याची मातृभाषा मराठी आहे की तमिळ, याची त्या पुस्तकाला दखल नाही. 'पर्यंत'चे आणि 'गेलो होतो'चे उत्तर त्यात सापडणार नाही. उलट दिशेने मात्र इंग्रजी व्याकरणाचा साचा आपल्या व्याकरणावर केव्हाच बसला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले. शाळेत आपण शिकतो त्या शब्दांच्या आठ जाती इंग्रजी वळणाच्या आहेत. यास्काने चारच सांगितल्या होत्या. विरामचिन्हे मराठीत रुळवण्याचे काम मेजर कँडीचे. दोन भाषांची तुलना आपल्या रक्तात इतकी जुनी असून मराठी वाचकासाठी तुलनेवर उभे केलेले इंग्रजी व्याकरण घरोघरी असू नये, याची मला खरोखर खंत वाटते.

शब्दसंग्रहाबद्दल एकच प्रश्न वारंवार येतो: एका अर्थाला इतके शब्द का, आणि त्यांतला कोणता वापरायचा? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. गोठ्यातली गाय 'काऊ' राहिली, ताटातले तिचे मांस 'बीफ' झाले. मेंढी 'शीप', मांस 'मटन'. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून तिसरा थर आणला. म्हणून विचारण्याला 'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट' असे तीन शब्द आहेत, घरगुतीपासून पोलीस चौकीपर्यंत. मराठी माणसाला हे परके वाटू नये. 'मागणे', 'अर्ज' आणि 'याचना' हे आपले तीन थर आहेत, देशी, फारसी-अरबी आणि संस्कृत. 'घरप्रवेश' म्हणायला आपली जीभ वळत नाही आणि 'गृहकाम' म्हणजे झाडलोट असे आपण समजत नाही. इंग्रजी शब्दाचा थर ओळखता आला की कुठला शब्द पत्रात आणि कुठला बोलण्यात, हे बरेचसे ठरते.

उरलेले ठरते ते शब्दाच्या सोबत्यांवरून. चहा आपल्याकडे कडक, इंग्रजीत 'स्ट्राँग'. पाऊस मुसळधार, इंग्रजीत 'हेवी'. झोप गाढ, इंग्रजीत 'डीप' किंवा 'साउंड'. अर्थ देऊन शब्द पाठ करायला लावणाऱ्या वह्यांमधून हे कधीच मिळत नाही. वाचनातून मिळते, तेही सावकाश.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात सांगतो. कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली आणि छापलेली रूपे हळूहळू पक्की होत गेली. त्याच काळात लोकांच्या तोंडचे दीर्घ स्वर मात्र बदलत राहिले. 'नाइट'मधले मुके व्यंजन कधीकाळी उच्चारले जात असे. स्पेलिंग जुन्या उच्चाराची नोंद आहे हे सांगितले तर मुलांचा राग निवळतो, असा माझा अनुभव आहे.

भारतीय इंग्रजी चूक की बरोबर? 'प्रीपोन'ला ऑक्सफर्डच्या कोशांनी जागा दिली आहे आणि ती रास्त आहे. 'पोस्टपोन'ची उलटी बाजू एका शब्दात सांगायची गरज होती. 'कझिन ब्रदर'ला हसणारे विसरतात की चुलत, मामे, मावस, आते हे सांगणारी भाषा बोलणाऱ्याला नुसते 'कझिन' अपुरेच वाटणार. 'आय टोल्ड हिम ओन्ली' यामागे 'त्यालाच' मधला 'च' आहे. देशातल्या देशात हे सगळे चालू द्यावे. ऐकणारा बाहेरचा असेल आणि अर्थ उलटा जाणार असेल तिथे मात्र सावध राहावे. 'ही पास्ड आउट इन २०१५' म्हणजे पदवी घेतली असे आपण समजतो. बाहेरचा वाचक आधी समजतो तो शुद्ध हरपून पडला.

अनुवादात हे सारे प्रश्न उलटे उभे राहतात, आणि माझ्या मते तिथेच ते जास्त खोल आहेत. इंग्रजीचे 'हॅव' मराठीत येताना किती ठिकाणी फुटते बघा: मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, तिच्यात धमक आहे, त्याला ताप आहे. नाते, वस्तू, गुण आणि आजार मराठीने वेगळे धरले. 'वी' आले की अनुवादकाला ठरवावे लागते: ऐकणारा त्यात आहे की नाही? असेल तर 'आपण', नसेल तर 'आम्ही'. भारताच्या संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'आम्ही' आहे. तिथे लोक स्वतःची ओळख देऊन निर्धार जाहीर करत आहेत, म्हणून ती निवड मला योग्य वाटते. 'यू'चे तीन मार्ग होतात, तू, तुम्ही आणि आपण. इंग्रजीतही एके काळी जवळिकीचा 'दाउ' होता, तो बोलण्यातून गेला. कादंबरीत नवराबायको, मालक-नोकर, बाप-लेक एकमेकांना 'यू' म्हणत असतील तर प्रत्येक जोडीचे नाते अनुवादकाला ठरवावे लागते, आणि एखादे पात्र 'तुम्ही'वरून 'तू'वर नेमके कुठल्या पानावर येते हेही.

वाक्यरचनेत सर्वांत जास्त नुकसान कर्मणी प्रयोगाने केले आहे. 'निर्णय घेण्यात आला आहे', 'त्यांच्याद्वारे सांगण्यात आले' ही वळणे कचेऱ्यांतून वर्तमानपत्रांत आणि तिथून मुलांच्या निबंधांत शिरली. 'समितीने निर्णय घेतला' हे आपल्याला येते. 'काल आलेला माणूस' म्हणता येत असताना 'माणूस, जो काल आला होता' असे लिहायचे कारण नाही. मराठी विशेषण नामाच्या आधी ठेवते आणि त्यात लांबलचक मजकूर सहज मावतो.

बोलीचा प्रश्न सोडवण्याचा उत्तम नमुना पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली दिला. शॉचे 'पिग्मॅलियन' लंडनच्या रस्त्यावरच्या उच्चारांवर उभे आहे आणि ते उच्चार मराठीत आणणे अशक्यच. 'ती फुलराणी' या त्याच्या मराठी रूपांतरात पुलंनी ते आणायचा प्रयत्नच सोडला आणि मराठी समाजात बोलण्यावरून माणसाची पायरी कशी ठरते, ते शोधून मंजुळेच्या तोंडी घातले. याच लेखकाने हेमिंग्वेची कादंबरी 'एका कोळियाने' म्हणून आणली तेव्हा मात्र समुद्र क्यूबाचाच ठेवला. कुठे मुळाच्या जवळ राहायचे आणि कुठे दूर जायचे, याचा निर्णय प्रत्येक पुस्तकापुरता वेगळा घ्यावा लागतो.

आता पहिला मसुदा यंत्र करून देते, आणि तो मला उपयोगी वाटतो. पण इंग्रजी 'आय वेंट' स्त्रीचे की पुरुषाचे हे सांगत नाही, मराठीला 'गेलो' किंवा 'गेले' म्हणावेच लागते, आणि यंत्र पुष्कळदा पुरुष गृहीत धरते. 'द डॉक्टर केम' चे 'डॉक्टर आला' होते, जिथे मराठी माणूस 'डॉक्टर आले' म्हणेल. आधीच्या पानावर ती स्त्री असल्याचे आलेले असते, तरी एकेक वाक्य सुटे घेणाऱ्या यंत्राला ते दिसत नाही. असा मसुदा हाती आला की मी आधी क्रियापदांची लिंगे आणि 'यू'ची रूपे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासतो, मग 'वी', मग 'हॅव', आणि त्यानंतरच शब्दांना हात लावतो.